एकदा चाप ओढला की तीन गोळ्या सुटतात: सियर घासलाय का गॅस कमी पडतोय?

दादा, तुमचं सगळं वाचलं, व्हिडिओ बी दोनदा आवाज मोठा करून ऐकला. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. लातूरच्या बाजूला शेतावर पेंटबॉलचं छोटं मैदान, दहा टिपमन ९८ कस्टम मार्कर (रंगाच्या गोळ्या मारायची गॅसवरची बंदूक), सगळे सेकंडहँड घेतलेले आणि त्यावर चार वर्षं वापरलेले, सगळे सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या टाकीवर. त्यातले पाच नंबर आणि आठ नंबर सकाळच्या पहिल्या बॅचला एकदा चाप ओढला की धडधड तीन-चार गोळ्या सोडतात आणि दुपारी गपगुमान बरोबर चालतात. दोन नंबर मात्र कधीबी तसंच करतो, वरून कॉक करून, म्हणजे गोळी सोडायला तयार करून, टेबलावर ठेवला तर एकदा आपोआप सुटला, आणि त्याचा चाप ढिल्ला झालाय, दाबला की परत यायला आळस करतो. तुमचं विचारणं असं की गावातला लेथवाला नवा सियर, म्हणजे आतला खटका, बनवून द्यायला तयार आहे तर बनवून घ्यावा का, का जुन्यालाच फाईल मारून धार काढावी.

फाईल मारू नका. लेथवाल्याचं का नको ते पुढं सांगतो, त्यात माझीच फजिती आहे. आणि पाच-आठ नंबर तर उघडूच नका अजून, माझ्या अंदाजानं त्या दोघांचा सियर धड आहे. दोन नंबर आजच बाजूला काढा, त्याला लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि रविवारी कितीबी गर्दी झाली तरी कुणाच्या हातात देऊ नका. चाप न ओढता सुटणारा मार्कर म्हणजे कुणीतरी गॉगल वर करून घाम पुसत असताना सुटणारा मार्कर.

मी आयटीआय फिटर, वाळूजला बारा-तेरा वर्षं टूलरूममध्ये घासली, आता संभाजीनगरच्या बाहेर दोन-तीन मैदानांचे मार्कर माझ्याकडं येतात. येणारा प्रत्येक जण "सियर गेलाय" असंच म्हणत येतो. निम्म्या वेळा सियर गेलेला नसतो.

का ते समजायला आत काय होतं ते बघा. सियर म्हणजे आपला खटका. गोठ्याच्या फाटकाला असतो तसा. मागचा बोल्ट, ज्याला पोरं हॅमर म्हणतात, तो स्प्रिंग दाबून मागं अडकवलेला असतो आणि त्याला धरून ठेवायचं काम या खटक्याचं. चाप ओढला की खटका तिरका होतो, हॅमर सुटतो, पुढं जाता जाता पुढच्या बोल्टला सोबत नेतो, तो गोळी नळीत ढकलतो, आणि हॅमर व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह उघडला की गॅस दोन्हीकडं जातो, थोडा पुढं गोळीमागं आणि थोडा मागं हॅमरच्या तोंडावर, त्या मागच्या धक्क्यानं हॅमर परत मागं येतो आणि खटक्यानं त्याला पुन्हा धरायचं. म्हणजे खटक्याची कामं दोन, जाताना सोडणं आणि येताना धरणं. तुमचा बिघाड येताना धरण्यातला आहे.

आता फाटक लागत नाही त्याची कारणं दोनच असतात ना, एकतर तुम्ही ते पूर्ण ढकललंच नाही, नाहीतर ढकललं पण खटकाच झिजलाय. इथं बी तेच. गॅसचा जोर कमी पडला की हॅमर खटक्यापर्यंत पोचतच नाही, अर्ध्यातून परत पुढं जातो, परत व्हॉल्व्हवर आपटतो, परत थोडा गॅस, परत अर्धा मागं, आणि मार्कर मशीनगनसारखा चालू होतो. खटका झिजलेला असला तर हॅमर पूर्ण मागं येतो पण खटक्यावरून घसरून पुढं जातो. बाहेरून आवाज सारखाच, म्हणून सगळ्यांची फसगत होते. थोडा फरक असतो तो कानाला सवय झाल्यावर कळतो: गॅस कमी असेल तर धडधड हळूहळू मंद होत जाते आणि गोळ्या जवळच पडतात, सियर घसरत असेल तर प्रत्येक शॉट खणखणीत. तुमच्या व्हिडिओत पाच नंबरची दुसरी-तिसरी गोळी पंधरा पावलांवर पडायलीय. सियर गेला असता तर ती तिसरी बी पहिलीएवढीच लांब गेली असती.

आणि सकाळीच कामून? कारण सीओटू टाकीत द्रव असतो आणि त्याचा दाब टाकीत किती माल शिल्लक आहे यावर नाही, तापमानावर ठरतो. २० अंशाला साधारण ५७ बार म्हणजे ८३० पीएसआय, १० अंशाला ४५ बार म्हणजे ६५० च्या आसपास, आणि ३० अंशाला ७२ बार, म्हणजे हजाराच्या वर. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं, परभणीला तर विचारूच नका, पहाटे पारा १० च्या खाली जातो, रात्रभर पत्र्याच्या खोलीत पडलेल्या टाक्या सात वाजता तशाच लावल्या की दाब पडलेलाच असणार. त्यात पोरगं भराभर गोळ्या झाडतं, द्रवाचा गॅस होताना टाकी अजून गार पडते, बाहेरून तिच्यावर दव धरतं ते बघितलंच असेल, दाब अजून खाली. दुपारी ऊन लागलं की सगळं ठीक. हा मार्करचा आजार नाही हो, थंडीचा आहे.

यावर इलाज म्हणून टाकी चुलीजवळ किंवा गरम पाण्यात ठेवायची नाही, हे मुद्दाम सांगतो कारण एकानं ठेवली होती. उन्हात सावकाश येऊ द्या, पहिल्या बॅचला पूर्ण भरलेल्या टाक्या द्या (माल जास्त असला की टाकी सावकाश गार पडते), अर्ध्या रिकाम्या दुपारसाठी. भरली का नाही हे दाबाच्या काट्यावरून कळत नाही, वजनावरून कळतं: २० औंसाची टाकी म्हणजे ५६७ ग्रॅम माल, रिकाम्या टाकीचं वजन खडूनं लिहून ठेवा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बघा. जास्त बी भरू नका. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ अंश म्हणजे काही विशेष नाही, आणि ३१ अंशाच्या वर सीओटूचा द्रव-गॅस फरकच उरत नाही, जास्त भरलेल्या टाकीचा दाब सुसाट चढतो, मग बर्स्ट डिस्क, म्हणजे टाकीच्या तोंडाची सुरक्षेची चकती, फुटते. ती फुटण्यासाठीच असते पण बंद गाडीत फुटली तर ड्रायव्हरची हवा निघते. ज्यांच्याकडं एचपीएच्या, म्हणजे दाबून भरलेल्या साध्या हवेच्या टाक्या आहेत, ३००० नाहीतर ४५०० पीएसआयवाल्या, त्यांना थंडीचा हा त्रास जवळजवळ नाही, रेग्युलेटर बाहेर ८०० च्या आसपास धरून ठेवतो, पण ती हवा भरून देणारा कॉम्प्रेसर आपल्या भागात शोधत फिरावं लागतं.

तर पाच आणि आठ नंबरसाठी एवढंच करा: सकाळी सात वाजता, थंडीतच, पाच नंबरची टाकी काढून चांगल्या चालणाऱ्या एक नंबरला लावा आणि एक नंबरची पाचला. बिघाड टाकीसोबत गेला तर टाकी किंवा तिच्यातला गॅस. बिघाड मार्करमध्येच राहिला तर मग मार्कर. पाच मिनिटांचं काम आहे आणि कितीतरी जणांनी हे न करता सियर मागवलेत.

टाकी बदलून बी बिघाड मार्करमध्येच राहिला, तरी पुढची पायरी सियर नाही. मागच्या बोल्टला एक ओ-रिंग, म्हणजे गॅस अडवणारी रबरी कडी, असते. ती कोरडी पडली, कापली गेली, नाहीतर चपटी झाली की गॅस तिच्या बाजूनं निसटतो आणि हॅमरला मागं ढकलायला जोर उरत नाही, परत तीच धडधड. टाकी बसते तिथल्या ॲडॅप्टरमध्ये सायकलच्या तेलाच्या बुदलीनं हवेच्या टूल्सचं तेल चार-पाच थेंब टाकायचं, टाकी लावायची, गोळ्या न भरता वीसएक शॉट हवेत मारायचे. किती मार्कर माझ्याकडं "दुरुस्त" झालेत ते निव्वळ या तेलानं. पण तेल ते एअर टूलचंच, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो ओ-रिंगांना फुगवतो आणि आतलं असलेलं तेल बी धुऊन नेतो. टाकीच्या तोंडाच्या ओ-रिंगा बी साध्या काळ्या नायट्राइलच्या न घेता युरेथेनच्या घ्या, सीओटूत काळी रिंग फुगते, टाकी काढताना बाहेर येते आणि हातात फाटते.

आता दोन नंबर. हा खरा पेशंट.

हात लावायच्या आधी: गोळ्यांचा हॉपर काढा, नळीवर कव्हर चढवा, टाकी काढा, मग सुरक्षित दिशेला धरून दोन-तीनदा चाप ओढून आतला उरलेला गॅस संपवा, आणि गॉगल घाला. हो, टेबलावर बसून बी गॉगल. टाकी काढली तरी आत एक शॉटाचा गॅस राहतो आणि फीडच्या नळीत एखादी गोळी अडकून बसलेली असते, ही जोडी मी स्वतः भोगलीय, नशिबानं समोर फक्त भिंतीवरचं कॅलेंडर होतं.

गॅस नसताना कॉकिंगचा दांडा हातानं मागं ओढा. खट्ट असा एकच घट्ट आवाज यायला पाहिजे. सावकाश वीस वेळा करा. हातानं ओढल्यावर हॅमर पूर्ण मागं येतोच येतो, म्हणजे गॅसचा प्रश्नच काढून टाकला, आता जर वीसमधून दोन वेळा बी धरलं नाही तर दोष खटक्याच्याच घरात आहे. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सगळ्यात खरी, आणि हिला एक रुपया लागत नाही. हातानं दर वेळी धरतो पण गॅसवर घसरतो, असं असेल तर परत वर जा, टाकी आणि ओ-रिंग.

मग चाप पूर्ण दाबून धरा आणि दाबलेलाच ठेवून दांडा मागं ओढा. तरीबी धरलं पाहिजे. हे ऐकून पोरं गोंधळतात, चाप दाबलेला असताना खटका कसा धरेल म्हणतात. त्याची गंमत अशी की सियरचं पिनचं भोक गोल नसतं, लांबट असतं, त्यात सियर थोडा पुढं-मागं सरकतो, हॅमर सुटल्याबरोबर सियर चापावरून निसटतो आणि वर येऊन तयार उभा राहतो, चाप तुम्ही सोडा नाहीतर धरून ठेवा. म्हणूनच एका ओढण्याला एकच गोळी. ही तपासणी नापास झाली तर बहुतेक सियरची स्प्रिंग मेली, नाहीतर त्या लांबट भोकात घाण भरून सियर सरकायचा बंद झाला.

तिसरी धक्क्याची. कॉक करा, नळी जमिनीकडं, कव्हर चढवलेलं, आणि बॉडीवर तळहातानं चारी बाजूंनी जरा जोरात थापा मारा. रबरी हातोडी असली तर हलक्या हातानं ती. हॅमर पडला तर कडा गोल झालीय, विषय संपला. तुमचा टेबलावर ठेवताना सुटला म्हणजे ही परीक्षा त्यानं आधीच दिली म्हणा.

उघडताना इंची ॲलन की वापरा, अमेरिकन माल आहे, एमएमची जवळपास बसते म्हणून घातली की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग ड्रिल. तुमच्या मॉडेलची बॉडी शेंगेसारखी दोन फाकांची आहे, मार्कर आडवा ठेवून वरची फाक सरळ उचलायची, तिरकी नाही, आणि त्याच्या आधी मागची टोपी काढून मोठी ड्राइव्ह स्प्रिंग आणि तिची गाइड पिन बाहेर घ्यायची, नाहीतर ती स्प्रिंग एवढ्या लांब जाते की पिकात सापडायची नाही. परातीत पांढरा कपडा टाकून काम करा. फाक उचलल्याबरोबर, कशालाबी हात लावायच्या आधी, मोबाइलवर फोटो काढा. बारक्या स्प्रिंगा कोणत्या टोकाला कशा बसल्यात हे दहा मिनिटांनी आठवत नाही, आठवतं असं फक्त वाटतं.

आता सियर हातात घेऊन धुवा, वाळवा आणि उन्हात बघा. घड्याळजीचं भिंग असलं तर उत्तम. हॅमर अडकतो त्या कडेवरून नख सावकाश फिरवा. चांगली कडा नखाला धरते, झिजलेली कडा नखाखालून सटकते. डोळ्यानं बघाल तर झिजलेल्या जागी चकचकीत पट्टा दिसतो, तो पट्टा बारीक आणि सरळ असला तर नुसती बसलेली घासण आहे, काही बिघडलं नाही, पण तो रुंद होऊन कोपऱ्यावरून खाली वळला असला, किंवा एकाच बाजूला जास्त असला, तर गेला. एकाच बाजूला असला तर सियरला दोष देऊ नका, त्याची पिन वाकडी आहे नाहीतर पिनचं घर मोठं झालंय म्हणून तो तिरका धरत होता. नवा टाकला तरी तोबी तसाच तिरका खाणार.

हॅमरची सियरला भिडणारी कडा बी तेवढ्याच काळजीनं बघा. हे लोक विसरतात. नवा सियर आणि गोल झालेला जुना हॅमर म्हणजे मोटरसायकलला नवी चेन टाकायची आणि स्प्रॉकेट जुनंच ठेवायचं. चार दिवस छान चालतं.

आता फाईल का नको. सियर सहसा पूर्ण कडक स्टीलचा नसतो, वरची कातडी कडक केलेली असते आणि आत मऊ. फिटर लोकांना ठाऊक आहे, कडक पृष्ठभागावर फाईल घसरते, खातच नाही, आणि सियरच्या कडेवर फाईल जर सहज खायला लागली तर त्याचा अर्थ कातडी आधीच गेलीय आणि तुम्ही आता मऊ मांस कापताय. धार छान दिसते, नखाला धरते, पहिल्या दिवशी मार्कर एकदम नवा. मग मऊ कडा दोन बॅचमध्ये परत गोल होते, आधीपेक्षा जास्त. दुसरं, कोन. कडेचा कोन अर्धा अंश इकडंतिकडं झाला तर एकतर चाप दगडासारखा जड होतो, नाहीतर एवढा हलका होतो की मार्कर खाली ठेवला की सुटतो. चाप हलका करायला म्हणून सियर पॉलिश करणारे बी असतात, बारीक १००० नंबरच्या पाण्याच्या पेपरनं बाजू गुळगुळीत करणं ठीक आहे, पण धरण्याच्या कडेला बोट लावायचं नाही.

लेथवाल्याची गोष्ट. मला सगळं हे माहीत असून मी एकदा केलं. पार्ट बाहेरून यायला वेळ लागणार होता, शनिवारी एका कंपनीच्या सहलीचं बुकिंग होतं, म्हणलं आपण टूलरूमचे, आपल्याला काय अवघड आहे. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मोजमाप देऊन माइल्ड स्टीलचा सियर कापून घेतला, गॅसवर लाल करून तेलात बुडवला आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारली. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन पुरेसा नाहीच तर तेलात बुडवून ते कडक होणार कुठून, हे मी पोरांना शिकवायचो हो! शनिवार निघाला. पुढच्या रविवारी बारक्या मुलांची बॅच, एकाच्या हातात तो मार्कर, त्यानं चाप ओढला आणि तो थांबेचना, पोरगं घाबरून मार्कर हातात घेऊन गोल फिरलं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते म्हणून निभावलं. दोघातिघांच्या दंडावर काळेनिळे वळ. त्या दिवसापासून सियर, हॅमर आणि स्प्रिंगा फक्त त्या मॉडेलच्याच. वाट बघायची, मार्कर खुंटीला.

ती गोष्ट निघालीच आहे तर तुमच्या माणसांना हे एवढं पाठ करायला लावा. मार्कर चालू होऊन थांबेना तर नळी जमिनीकडं, जागेवरून हलायचं नाही, दांडा गच्च मागं ओढून धरायचा, आणि दुसऱ्यानं येऊन टाकी फिरवून काढायची. गॉगल कुणीच काढायचा नाही. चाप परत परत दाबून काही होत नाही पण सगळे तेच करतात.

लेथवाल्याला अगदीच काम द्यायचं असेल तर पिना द्या. पिन साधी गोल, सिल्व्हर स्टीलच्या रॉडची अचूक मापात करून घेतली तर कंपनीच्या पिनेपेक्षा कमी नाही. जुनी पिन काचेवर लोळवून बघा, डुगडुगली तर वाकडी. मधोमध खाच पडलेली दिसली तर तीबी बाद. दोन नंबरचा चाप ढिल्ला आहे म्हणता, तो बोटात धरून डावी-उजवीकडं हलवा, थोडा खेळ चालतो, पण वर-खाली बी हलायला लागला तर चापाचं भोक लांबट झालंय. सियरचं भोक लांबट असतं ते मुद्दाम, चापाचं लांबट झालं ते झीज, या दोन्हींत घोळ करू नका. भोक मोठं झालेला चाप सियरला पूर्ण उचलतच नाही, मग कधी सुटतो कधी नाही. त्याला बुश, म्हणजे भोकात बसवायची बारीक नळी, मारून देणारे आहेत, पण ॲल्युमिनियमच्या पातळ चापात बुशला भिंतच उरत नाही, नवा चाप घ्या.

परत यायला आळस करतो त्याचं कारण मात्र बहुतेक वेळा साधं निघतं, चापाची स्प्रिंग तुटलेली नाहीतर जागेवरून सरकलेली, किंवा फुटलेल्या गोळीचा माल आत वाळून गोंद झालेला. गोळीचं कवच जिलेटिनचं आणि आतला माल पाण्यात विरघळणारा, त्यामुळं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरे, थिनर-पेट्रोल काही नको, पण पाण्यानं धुतलं की लगेच पूर्ण वाळवून पिनांना तेलाचा हात लावा. स्प्रिंग नव्या स्प्रिंगच्या शेजारी उभी करून उंची बघा, बसकी झालेली लगेच कळते. पेनची स्प्रिंग घालू नका. हसू नका, माझ्याकडं आलेल्या कितीतरी मार्करमध्ये पेनची स्प्रिंग निघालीय, एकात तर ती बी दोन जोडून.

झीज एवढी लवकर कामून झाली म्हणाल तर तुमची काळी माती. उन्हाळ्यात तिची जी बारीक धूळ उडते ती तेलात मिसळली की इंजिनचे व्हॉल्व्ह घासायला ग्राइंडिंग पेस्ट वापरतात ना, तसलंच काहीतरी होतं. म्हणून मी म्हणतो तेल गॅसच्या वाटेनं थेंबभर, आणि सियर-चापाच्या भागाला नुसतं तेलाचं बोट. तिथं तेल ओतलं की धूळ धरलीच. मे महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी तो भाग कोरड्या ब्रशनं झाडून घ्या, पावसाळ्यात उलट, गंजासाठी बघा.

जाता जाता दोन गोष्टी. कुणी तुमच्या मार्करला बाहेरचा डबल ट्रिगर, म्हणजे दोन बोटांचा चाप, बसवला असेल तर त्यात मागं-पुढं जाण्याची हद्द ठरवणारे बारके स्क्रू असतात, ते जास्त आवळले की सियर अर्धवट उचललेलाच राहतो आणि सगळी लक्षणं झिजलेल्या सियरचीच दिसतात. आधी ते सैल करून बघा. आणि इलेक्ट्रॉनिक ग्रिप असेल तर एका ओढण्याला दोन गोळ्या हे बऱ्याचदा स्विचच्या सेटिंगचं नाहीतर उतरलेल्या ९ व्होल्टच्या बॅटरीचं काम असतं, तुमच्याकडं ती नाही म्हणून त्यात शिरत नाही.

मुलं बंदूक म्हणतात, मी मार्करच म्हणतो, आणि त्यामागं कारण आहे. हे हत्यार मुळात जंगलात झाडांवर आणि कुरणात गुरांवर रंगाची खूण करायला निघालं, नेल-स्पॉट ००७ नावाचं, आणि १९८१ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात पहिला खेळ झाला तो त्याच्यावरच. ते प्रत्येक गोळीला हातानं कॉक करावं लागायचं. म्हणजे खटक्याला येताना धरायचं कामच नव्हतं, धडधडीचा प्रश्नच नाही. गॅसनं आपोआप कॉक व्हायला लागलं तिथून आपली ही रडगाणी सुरू.

जोडल्यावर लगेच गोळ्या भरू नका. आधी परत हाताच्या तिन्ही तपासण्या. मग भरलेली टाकी, कव्हर चढवलेलं, हॉपर नाही, तीसचाळीस शॉट: काही एकदम सावकाश चाप ओढून, म्हणजे सुटण्याच्या काठावर थांबत थांबत, काही भराभर. झिजलेला सियर भराभर मारताना बऱ्याचदा निभावून नेतो आणि सावकाश ओढताना उघडा पडतो, म्हणून सावकाशवाले जास्त करा. मग अर्धी रिकामी टाकी लावून तेच. सगळं पास झालं की क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर वेग, सेकंदाला ३०० फुटांच्या वर कुठल्याच परिस्थितीत नाही, भाड्याच्या मार्करला मी २७० च्या आसपासच ठेवतो. दुपारचा वेग दुपारी परत बघा, सकाळी थंडीत २७० लावलेला सीओटूचा मार्कर दुपारी तिथंच राहत नाही, वर चढतो.

दोन नंबरसाठी माझ्या हिशोबानं सियर, सियरची स्प्रिंग, चापाची स्प्रिंग आणि दोन्ही पिना, एवढं मागवा. हॅमरचं उघडल्यावर ठरवू. उघडलात की सियरचा आणि हॅमरच्या कडेचा फोटो बाजूनं, पांढऱ्या कागदावर ठेवून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून पाठवा. वरून काढलेल्या फोटोत कडा दिसत नाही.